बुधाची कोरी बाजू

प्रिय लेनोरा,

पाकिटावर ऑफिसचा शिक्का दिसला असता तर तू हे न फोडताच शेगडीत टाकलं असतंस, म्हणून पत्ता हातानं लिहिलाय. अक्षर माझंच आहे, अजून तसंच गिचमिड.

फ्लॅगस्टाफला गुडघाभर बर्फ साचलाय. मालगाड्या अजून ऑफिसमागूनच जातात आणि टेबलं हादरतात. गाडी आली की तू शाईच्या फवाऱ्याची नळी वर धरून, दात-ओठ खात, शेवटचा डबा जाईपर्यंत थांबायचीस. आता कुणाला थांबावं लागत नाही, नकाशे संगणक करतो. पण यानानं पाठवलेल्या त्या धुरकट फोटोंवरून, नुसता फवारा आणि विजेवर फिरणारं खोडरबर घेऊन तू बुधाचे खड्डे असे उठवायचीस, की बोट टेकवलं तर आत जाईल असं वाटायचं. मला ते कधीच जमलं नाही, आणि तुझा हेवा करणंही जमलं नाही. नुसती बघत राहायचे.

त्या यानाला तिन्ही फेऱ्यांत बुधाची तीच बाजू उजेडात दिसली. सगळ्यात मोठं विवर तर नेमकं अर्धं उजेडात, अर्धं काळोखात. थेलमनसाहेब म्हणाले, "अगं बाई, गोल तो गोलच! उरलेला अर्धा ओढून टाक की. बुधावर कोण बघायला जातंय?" तू म्हणालीस, "मी पाहिलं नाही ते मी काढत नाही. तुम्ही पाहिलं असेल तर तुम्ही काढा." सगळं ऑफिस खुदखुदलं, आणि महिन्याभरात तुझं टेबल रिकामं झालं. त्यानंतर तू नळी हातात धरली नाहीस. इथे तुझं नाव हट्टी म्हणूनच राहिलं.

परवा नव्या यानाचे फोटो आले. ते विवर पूर्ण उजेडात! आणि लेनोरा, आपण सगळे समजत होतो त्यापेक्षा ते बरंच मोठं निघालं. तू गोल पुरा केला असतास तर तो चुकलाच असता. मी त्या फोटोपुढे आधी रडले, मग मोठ्यानं हसले. ऑफिसातली नवी पोरं घाबरून विचारायला लागली, "ओपल मॅडम, बऱ्या आहात ना?" मला तुझा फार अभिमान वाटतो गं.

अर्धं विवर कोरं सोडलेला तुझा तो जुना नकाशा आता ऑफिसच्या दर्शनी भिंतीवर लागणार आहे. कोऱ्या भागावर संगणकावरचं चित्र छापून चिकटवू, असं नवे साहेब म्हणत होते. मी म्हटलं, "ती जागा राखून ठेवलेली आहे." ते थांबायला तयार झालेत, पण तू येणार असशील तरच. तुझी नळी घासूनपुसून ठेवलीय, हिरव्या मिरचीचं कालवणही करून ठेवते. फोटो सोबत पाठवतेय. आता तर तू पाहिलंस.

तुझीच, शेजारच्या टेबलावरची
ओपल