होय, नाही आणि विमलचं बटण

गडब, ता. पेण
८ डिसेंबर १९९७

राजमान्य व्याही गुणाजीराव यांस गडबहून हैबतरावाचा दोन्ही हात जोडून नमस्कार. तुमचा गुडघा कसा आहे? रोह्याच्या वैद्यानं दिलेलं तेल लावता, की बाटली नुसती खिडकीत ठेवून तिच्याकडे बघता? चि. शकूला आणि जावईबापूंना आशीर्वाद. (जावईबापूंनी माझ्या मागच्या पत्राला उत्तर दिलं नाही. पत्र पोहोचलं नसेल, किंवा पोहोचलं असेल. दोन्ही शक्यता मी ध्यानात ठेवल्या आहेत.) इकडे मी ठीक.

पत्रास कारण, पेणचं प्रदर्शन. त्याबद्दल तुमच्या कानावर काहीबाही आलं असेल, म्हणून खरं काय ते मीच कळवतो. स्वातंत्र्याला पन्नास वर्षं झाली, म्हणून पेणात एका बंद पडलेल्या भातगिरणीत 'देश कसा उभा राहिला' असं प्रदर्शन मांडायचं ठरलं, आणि ते मांडायला मुंबईहून कमळाकर नावाचा दाढीवाला तरुण आला. सरकारी म्हणावा तर पायात बूट नाहीत, आणि सरकारी नाही म्हणावा तर हातात मोजायची टेप! आमच्या ओटीवर बसून तो विचारी, गावात वीज कधी आली, पहिलं मत कसं दिलंत, खाडीचा बांध कोणी घातला. तुमची विहीणबाई विमल त्याला वालाचं बिरडं वाढी आणि तो मागून मागून खाई. (एवढं मागून खाणारा माणूस काहीतरी न्यायला आलेला असतो, हे मी तेव्हाच ओळखलं होतं.)

त्याचं म्हणणं असं, की या प्रदर्शनात लोकांनी नुसतं बघायचं नाही, हात लावायचा. व्याहीबुवा, मी आजवर जेवढी प्रदर्शनं पाहिली तिथे 'हात लावू नये' अशीच पाटी होती. एखादा जेव्हा आपण होऊन हात लावा म्हणतो, तेव्हा त्याला आपला अंगठा हवा असतो.

उद्घाटनाच्या आधी 'कसं वाटतं ते सांगा' म्हणून त्यानं आमच्या गावाला टेंपोनं पेणला नेलं. टेंपो फुकट, वर चहा. माझा संशय दुप्पट झाला. आत गेल्यावर पहिल्यांदा एक दांडा फिरवायचा, की चित्रातल्या गावात दिवे लागत. पुढे खाडीचा बांध होता आणि त्यावर आपण धोंडे रचायचे. धोंडे थर्माकोलचे! हौसाबाई खाडीकडची, नवी नवरी असताना तिनं खऱ्या बांधावर चिखलाच्या पाट्या वाहिल्या आहेत. तिनं एक धोंडा दोन बोटांनी उचलला आणि कमळाकरला म्हणाली, "एवढा हलका व्हता व्हय रं तुजा देश?" तो बिचारा हसला. मी हसलो नाही, कारण माझी नजर पुढच्या फळ्यावर गेली होती.

फळ्यावर लिहिलं होतं, 'देशाला कारखाना हवा आहे. तुम्ही तुमची जमीन द्याल का?' खाली दोन बटणं. हिरवं 'होय', लाल 'नाही'.

मी दोन्ही हात पसरून आडवा उभा राहिलो. म्हटलं, कोणी बोट लावायचं नाही! कमळाकरला विचारलं, या बटणाची वायर जाते कुठे? म्हणाला, दिव्याला. दिव्याच्या पुढे? भिंतीपर्यंत. आणि भिंतीपलीकडे काय? म्हणाला, सार्वजनिक मुतारी. मी स्वतः जाऊन पाहिलं. मुतारी होती, पण तिला कुलूप होतं. मुतारीला कुलूप कशाला लागतं, गुणाजीराव? परत येऊन मी हे सांगितल्यावर अख्ख्या गावानं हात पाठीमागे बांधले. कमळाकर रडायचाच बाकी होता.

एवढ्यात विमल माझ्या हाताखालून वाकून पुढे गेली आणि तिनं 'होय' दाबलं. मी ओरडायच्या आत 'नाही'ही दाबलं. दोन्ही दिवे लागले, कसलासा वास आला आणि भातगिरणीत अंधार झाला.

अंधारात तिचाच आवाज. "माज्या म्हायेरची जमीन गेली तवा नोटीस बापाला आली, नोकरी भावाला लागली. मला कोनी इचारलंच नाय. आज पैल्यांदा इचारताय, तर दोनी दाबीन."

कमळाकर हळूच म्हणाला, "मग काय करू, मावशी?"

"आदी समोर बस नि इचार. बटनाचं मंग बगू."

हौसाबाई तेवढी "खरं हाय गो बाय" म्हणाली.

उद्घाटनाला बघतो तर तिसरं बटण! पिवळं. 'आधी मला विचारा.' आता पेण तालुक्यातल्या बाया त्याच्यापुढे रांगा लावतात. हिरव्या-लाल बटणांवर माशा बसतात. वर्तमानपत्रात विमलचा फोटो आला. कडेला एक कोपर दिसतं, ते माझं. हे सगळं त्या दोघांनी बिरडं खाता खाता आधीच ठरवलेलं होतं, असा माझा पक्का संशय आहे. मी तसं तिला विचारलंही. तिनं माझ्या पानात आणखी एक पळी बिरडं वाढलं.

आपला,
हैबतराव

ता. क. प्रदर्शन संक्रांतीनंतर रोह्याला येणार आहे. अवश्य जा. वायर बघून या.

ता. क. दुसरा. हायवेला लागून परसातला जो तुकडा आहे, तो काळुरामला गॅरेजसाठी द्यायचं मी कबूल केलंय. माणूस चांगला, काम प्रगतीचं. विमलला सांगणारच होतो, पण तिला ते काळुरामच्या बायकोकडून नळावर कळलं. तुकड्यात वाल तिनंच पेरलेत. हल्लीच उगवलेत.

ता. क. तिसरा. गेल्या गुरुवारी ती नागोठण्याहून गाडीत बसली आणि तुमच्याकडे आली, हे तुम्हांला ठाऊकच आहे. काळुरामला मी थांबवलंय. तिला पाठवून द्या असं माझं म्हणणं नाही. येतेस का, एवढं विचारा. समोर बसून विचारा. न्यायला मी अलीकडच्या निडी स्टेशनापर्यंत यावं की थेट रोह्याला, तेही तिलाच ठरवू द्या. इथे भात रोज करपतो.