जिना होईपर्यंत

आंधळगाव, ता. मोहाडी
२० नोव्हेंबर २०२४

चि. लिलाधर यास,
रेणूताईचे अनेक आशीर्वाद. तू, रिता आणि पोरगी बरी असाल. फोनवर बाबांचं नाव काढलं की तू फोन ठेवतोस, म्हणून हे पत्र. फाडायचं म्हटलं तरी हातात घ्यावं लागेल, तेवढ्यात चार ओळी नजरेखालून जातील.

दिवाळीला माहेरी आले ती मी अजून इथेच आहे. तिकडे एकोडीत धान कापणीला आलंय आणि तुझे भाऊजी रोज फोनवर विचारतात, "माहेरीच नांदून राहिली का आता?" विचारू देत.

इथे घराचं काम काढलं होतं. जिना, त्याच्या पायथ्याचं दार, माडीवरच्या खोलीची चौकट, सगळंच नवीन. आईचे गुडघे दुखतात, आणि तो जुना जिना किती उभा होता तुला ठाऊक आहे. लहानपणी तू त्यावरून बसूनच उतरायचास, पँटचा मागचा भाग कायम फाटलेला. भैय्यालाल मिस्त्रीने काम केलं. सागवान चांगलं मिळालं. इतके दिवस जिन्याच्या जागी शिडी होती आणि मी माकडासारखी वर-खाली करत होते.

गुडघ्यांचं मी उगाच लिहिलं. आई त्या जिन्याने आणखी दहा वर्षं चढली असती.

बाबा कालपर्यंत वर होते. भंडाऱ्याच्या डॉक्टरांनी घरी न्या म्हटलं, तेव्हा दोघांच्या खांद्यावर हात टाकून ते हट्टाने आपल्या खोलीत चढले. आता उठून बसवत नाही. पुढचं मी लिहायला नको. आपल्याकडे माणूस जाताना जमिनीवर असावा लागतो, खाटेवर नाही, माडीवर तर नाहीच. आणि त्या जिन्यातून, त्या अरुंद दारातून त्यांची बाज निघत नव्हती. म्हणून हे काम.

त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. पण भैय्यालाल टेप घेऊन वर आला आणि त्याने आधी बाजेची रुंदी घेतली. बाबा डोळे मिटून पडले होते. म्हणाले, "काहून रे, जिना बनवून राहिला का मले मोजून राहिला?" भैय्यालाल बिचारा टेप तिथेच टाकून खाली उतरला.

त्या दिवसापासून बाबांनी कामात लक्ष घातलं. प्रत्येक फळी शिडीवरून वर आणून दाखवायची. बोटाने वाजवून बघायचे. "हिले गाठ आहे, बदलव." फळी बदलली. पायऱ्या बसल्या तर चढणाऱ्याच्या पावलांच्या आवाजावरून म्हणाले, खालची वरचीपेक्षा उंच आहे, काढ. चौकटीचं पॉलिश लाल झालं, घासून पुन्हा कर. दाराच्या कडेची पट्टी दोनदा उखडायला लावली. मी वैतागले. जन्मभर धानाचा व्यापार केला आणि आता सुतारकी शिकवतात, असं तोंडावर म्हणाले त्यांना. ते हसले. खूप दिवसांनी हसले.

आईच्या आधी लक्षात आलं. चुलीपाशी हळूच म्हणाली, "जिना झाला का आपण त्यांले खाली नेऊ. म्हणून लांबवून राहिले. लिलाधर येतवरी."

मग मी त्यांना सरळ विचारलं, बोलावून घेऊ का? भिंतीकडे तोंड करून म्हणाले, "मी नाही बोलावणार. त्याले यायचं असन तर येईन." आणि तू? तू त्यांना न विचारता लग्न करून रिताला घेऊन आलास तेव्हा ते माडीवरून खाली उतरले नाहीत, आणि तू अंगणातूनच ओरडून सांगून गेलास की आता तुम्ही स्वतः बोलावल्याशिवाय येणार नाही. त्यांनी चूक केली. रिताला मी तेव्हाही म्हटलं, आताही म्हणते. पण मला तुमचा दोघांचाही राग येतो. एकच अक्कल दोघांत वाटून घेतल्यासारखे वागता.

काल दुपारी भैय्यालालने पट्टी तिसऱ्यांदा ठोकली आणि वर जाऊन भीतभीत उभा राहिला. या वेळी बाबांनी काहीच बघायला मागितलं नाही. "बेस झाला," म्हणाले. मग माझ्याकडे बघून म्हणाले, "आता घ्या मले खाली."

मी म्हटलं, बाबा, पॉलिश ओलं आहे, दोन दिवस थांबू. ते म्हणाले, "नको थांबू, रेणू."

चौघांनी बाज उतरवली. कुठे अडली नाही, चौकटीला घासलीसुद्धा नाही. मला वाटत होतं अडावी. खालच्या खोलीत सतरंजीवर ठेवलंय त्यांना. तुझं नाव घेतलं नाही. आज सकाळपासून पाणीही घेत नाहीत. आई मला म्हणते, त्याची वाट बघणं सोड, तो आता मुंडण करायलाच येईल.

शेजारचा धनराज आज दुपारच्या गाडीने भिलाईला कामावर परत जातोय, त्याच्या हातीच हे देते. रात्रीपर्यंत तुला मिळेल. सकाळची गाडी आहे. रिताला घेऊन ये. ते बोलतील की नाही मला माहीत नाही. ओळखतील की नाही, तेही नाही.

तुझी वाट बघणारी आता एकटीच,
रेणूताई