शेवटच्या बाकावरून तीन शाळा

ती. ताईस,

धाकट्याचा वाकून नमस्कार. तुझा गुडघा कसा आहे? भावजींचा खोकला थांबला का? (थांबला नसेल तर दोष खोकल्याचा नाही, विडीचा.) आम्ही सगळे ठीक. ठीक कसले, मी जिंकलोय! "तू भाजी निवडायला बसलास की जेवायची वेळ टळते," असं तू मला जन्मभर म्हणत आलीस. तर ऐक. आमच्या चिमणीला सहावीला कोणत्या शाळेत घालायचं, हे मी ठरवलंय. अर्जाची मुदत शुक्रवारी संपते आणि आज मंगळवार आहे!

पंचक्रोशीत सरकारी शाळा तीन, बाहेरून तिन्ही सारख्याच पिवळ्या. इमारत बघून ठरवणं मला अन्यायाचं वाटलं आणि मुख्याध्यापकांना विचारून ठरवणं भाबडेपणाचं. म्हणून परवानगी काढून तिन्हीकडे शेवटच्या बाकावर तासभर बसलो. शेवटच्या बाकापर्यंत पोचते तीच शाळा, असं माझं मत. (ते माझंच की कुठे वाचलेलं, हे रोजनिशीत तपासलं. माझंच निघालं.)

बाजाराजवळच्या शाळेत माझे गुडघे बाकाच्या वर आणि हनुवटी गुडघ्यांवर. बाईंनी अचानक भूगोलाची चाचणी काढली आणि माझ्यापुढेही कागद ठेवला. वीसपैकी सात. शेजारची मुलगी म्हणाली, "काका, पहिल्यांदा असंच होतं." रागाच्या भरात मी शाळेचे गुण कापले, घरी आल्यावर लाज वाटून वाढवले, मग लाजेपोटी वाढवले म्हणून पुन्हा कापले. कालव्यापलीकडच्या शाळेत मला झोप लागली. दोष गुरुजींचा की माझ्या जेवणाचा? खात्री करायला दुसऱ्या दिवशी उपाशीपोटी गेलो. पुन्हा लागली. गुरुजी निर्विवाद दोषी.

तिसरी तुझ्या गावची. (हो, आलो होतो आणि तुला न भेटताच परतलो. तुझ्या हातचा चहा पोटात गेल्यावर निकाल निःपक्षपाती राहिला नसता.) तिथे विज्ञानाच्या सरांनी एका विटेवर लांब फळी टेकवून एका किडकिडीत मुलीकडून शाळेचा जाडजूड कारकून वीतभर उचलून दाखवला. कारकून ओरडतोय, "अहो सर, उतरवा खाली, माझी कामं पडलीत!" आणि वर्ग खो खो हसतोय. आणि ताई, माझा हात वर गेला! शाळेची दहा वर्षं जो कधी वर गेला नाही, तो. मी विचारलं, फळी मोडणार कधी? सर म्हणाले, "नाही बुवा सांगता येणार. उद्या मोडूनच बघू." हे ऐकून कारकून वर्गातून निघून गेला. मी गुण मांडायची वही उघडायचंच विसरलो. घरी चिमणीला हे सांगितलं, तर तिने माळ्यावरची फळी काढून मलाच उचललं आणि म्हणाली, "बाबा, आता तुलना पुरे." ठरलं!

तुझा,
आयुष्यात एकदाचं काहीतरी ठरवलेला
धाकटा

ता. क. : शाळा आमच्या घरापासून अठरा किलोमीटर आहे. तुझ्या दारापासून मात्र दोनशे चौदा पावलं. (दोनदा मोजली.) तीनच वर्षांचा प्रश्न आहे.

ता. क. २ : लपवणं मला जमत नाही. गुणतक्त्यात 'आत्याचं घर' असा वीस गुणांचा एक रकाना होता. तो वगळला तर बाजाराजवळची शाळा पहिली येते.

ता. क. ३ : टपालाने तुझं उत्तर शुक्रवारच्या आत यायचं नाही, म्हणून पत्र चिमणीच्याच हाती दिलंय. वाचून होईपर्यंत तिला दारात उभी ठेवली असशील तर आत घे. ट्रंक जड आहे. फळी कशी लावायची, ते तिला ठाऊक आहे.