उधाणाचा तक्ता

मास्तर, तुम्हाला जाऊन चाळीसहून अधिक वर्षं झाली. मला आता नीट दिसत नाही, आणि घरात कोणी हळू आवाजात बोललं की ते माझ्याविषयीच असणार असं वाटतं. हा स्वभाव म्हातारपणाचा नव्हे. तुम्ही तो तेव्हाच ओळखला होतात का, एवढंच मला विचारायचं आहे.

तुमच्या हाताखाली मी चौथीपर्यंत शिकलो, पुढे शाळा सुटली ती सुटलीच. मिरकरवाड्याला गलबतांवर नावं आणि वेलबुट्टी रंगवत होतो, तेव्हा तुम्ही धक्क्यावर आलात. अमावास्येला उधाण का येतं हे मुलांना बघताक्षणी कळेल असा तक्ता तुम्हाला हवा होता. मी मांजरपाटावर सूर्य, चंद्र, पृथ्वी काढली, भोवती फुगलेलं पाणी, आणि पाण्यावर हौसेने एक शिडाची होडी. तुम्ही तो वर्गात टांगलात आणि रस्त्याने जाणाऱ्या मासळीवालीला आत बोलावलंत. तिला अक्षर येत नव्हतं. तिला शेवटच्या बाकापाशी उभं करून तुम्ही विचारलंत, काय दिसतं?

"होडी," ती म्हणाली. "पण हे शीड कोणी बांधलान? पहिल्याच वाऱ्याला उलटेल."

वर्ग हसला. मला वाटलं, तुम्ही दोघांनी ठरवून माझी फजिती केलीत.

"होडी काढून टाक," तुम्ही म्हणालात. "चांगली आहे, म्हणूनच काढून टाक. मुलं तीच बघत बसतील." मग चांदण्या गेल्या, लाटा गेल्या. शेवटी कोपऱ्यातलं माझं नावही पुसायला लावलंत, नजर तिथे अडते म्हणून. मला ते कारण खरं वाटलं नाही. हा तक्ता तुम्ही स्वतःच्या नावावर खपवणार, अशी माझी खात्री झाली.

मग एक दिवस शाळा तपासायला डिपोटीसाहेब येतात. तुम्ही त्यांच्यासमोर पुन्हा त्याच बाईला उभं करता. ती बराच वेळ बघते आणि म्हणते, "चांद सूर्याच्या अंगाला गेलाय, म्हणजे दिसायचा नाही. ही अवस. म्हणून पाणी चढलंय." साहेब खूश होतात, तालुक्यातल्या सगळ्या शाळांना असे तक्ते देऊ म्हणतात. तुम्ही माझ्याकडे बोट दाखवून काहीतरी सांगता, पण ते मला नीट ऐकू येत नाही.

व्हरांड्यात मी साहेबांना गाठलं. म्हटलं, "साहेब, त्या बाईला आधी पढवून ठेवलंय." त्यांनी फक्त टोपी घातली.

तक्ते कुठेच गेले नाहीत. तुम्ही कित्येक महिने टपालाची वाट पाहिलीत. मग एकदा ग्रहणाच्या तक्त्यासाठी कापड घेऊन माझ्याकडे आलात, म्हणालात, साहेबांना सवड झाली नसेल. तेव्हा तुम्ही माझ्याकडे जरा जास्त वेळ पाहिलंत, की मलाच तसं वाटलं? मी हातात दुसरं काम आहे असं सांगून कापड परत केलं. पुढल्या वर्षी तापाने तुम्ही गेलात.

हे पत्र कुठे टाकायचं नाही, म्हणून लिहितो. त्या बाईला पढवलं होतं की नाही, मला माहीत नव्हतं, नुसतं तसं वाटलं होतं. ती बाई त्यानंतर वीस वर्षं माझ्या दारावरून गेली. तिच्याकडून मी बांगडे घेतले, ताजे आहेत का म्हणून दर वेळी कल्ले उघडून पाहिले. पण पढवलं होतं का, ते एक तिला कधी विचारलं नाही. ती नाही म्हणेल, हे मला ठाऊक होतं.