प्रेषिताच्या सणाची सुरी

बाबा, तुम्हांला जाऊन एकवीस वर्षं झाली, आणि आज प्रेषित बर्थलमयाचा सण आहे. तुम्ही आपल्या ख्रिस्ती देवळाच्या शाळेत शिकवायचात की ख्रिस्ताच्या बारा शिष्यांपैकी हा एक गलबतातून आपल्या कल्याण बंदरात उतरला, मत्तयाचं शुभवर्तमान घेऊन आला, आणि पुढे राजाच्या भावाने त्याची जिवंतपणी कातडी सोलवली. म्हणून त्याच्या सणाला आपल्या घरात पात्याला हात लावायचा नाही. विळी, कोयता, सुऱ्या पेटीत बंद करून, किल्ली खिशात टाकून तुम्ही सकाळच्या आगगाडीने ठाण्याहून कल्याणला जायचात, खाडीकाठी प्रार्थना करून दुपारी परतायचात. आई भाजी हाताने मोडायची. ठाण्यात दुसऱ्या कुणा ख्रिस्ती घरात ही रीत नव्हती, पण तुमच्यापुढे बोलायची कुणाची छाती होती?

मी दहा वर्षांची होते. सणाच्या दिवशीही काकडी सोलून खाता यावी, म्हणून छोटी सुरी मी आदल्या दिवशीच तांदळाच्या मडक्यात लपवली होती. तुमची गाडी सुटली आणि आईला दिवस भरायच्या आधीच कळा लागल्या. मी धावत आगरी सुईणीला, जिला सगळी आळी मावशी म्हणायची, शेतातून बोलावून आणलं. ती चिखलाच्या पायांनी, हात हलवत आली. आईची शुद्ध हरपलेली. बाळाचं डोकं बाहेर आलंय, गळ्याभोवती नाळेचे दोन वेढे, तोंड काळंनिळं. मावशी पातं मागतेय आणि मी तुमच्या छडीच्या धाकाने कुलपाकडे बघत उभी आहे. किती वेळ उभी होते, देव जाणे. शेवटी मडक्यात हात घातला. नाळ कापल्यावरही बाळ बराच वेळ रडलं नाही, मग रडलं.

तुम्ही आलात आणि आधी हेच विचारलंत, नाळ कशाने कापली. मावशीने सुरी केव्हाच कमरेला खोचली होती. माझ्याकडे न बघता ती म्हणाली, "माझ्या सुरीनं कापली, मास्तर. येताना आनली व्हती."

दुसऱ्या दिवशी पेटीत एक सुरी कमी भरली. तुम्ही तडक तिच्या घरी गेलात, आणि तिथे सुरी सापडली. रविवारी देवळाच्या अंगणात तुम्ही तिला सगळ्यांदेखत चोर म्हणालात. तिने मान खाली घातली, माझं नाव घेतलं नाही. आपल्या आळीतल्या एकाही बाळंतिणीने तिला पुन्हा बोलावलं नाही.

याच बर्थलमयाला पाहून येशू म्हणाला होता की ह्याच्यात कपट नाही, हेही तुम्हीच शिकवलंत. ते ऐकलं की मला तुमचा संताप येतो आणि त्याहून जास्त माझा. तुम्ही मला एकदा जवळ घेऊन विचारायला हवं होतंत, बाबा. मी सांगितलं असतं की नाही, ते मला आजही ठाऊक नाही.

मावशी अजून आहे, डोळे गेलेत. आणि ते बाळ, माझा भाऊ, आता कल्याणला रेल्वेत आहे. आज माझ्याकडे जेवायला आलाय. माझ्या मुलांना सांगत होता, माझा जन्म झाला तेव्हा एक चोरटी सुईण होती. मुलं हसली. मी भात वाढत होते, वाढत राहिले.

सुरी मी लपवली होती, बाबा. तुम्हांला हे लिहिणं सोपं आहे, कारण हा कागद कुठेच जाणार नाही. ज्याला सांगायला हवं तो ओसरीवर पडलाय, चारच्या गाडीने निघेल. आणि मी अजून जागची उठलेले नाही.