बाई डॉक्टरला माफ करतात

मंगळवार, १४ मार्च

प्रिय धाकटे,

तू बरी असशील. माझी कंबर तशीच आहे, बसून बसून दुसरं काय होणार! तुझ्या खोलीत पुन्हा माझं लिहायचं टेबल लागलंय. तुझ्या कामातला कवळीचा एक साचा तू इथेच विसरलीस, तो खिडकीत ठेवलाय. कामवाल्या मावशी त्याला घाबरून तिथला केर काढत नाहीत.

फोन सोडून पत्र का, असं म्हणशील. फोनवर तू रडायला लागलीस की मी ऐकत नाही, शब्द टिपते. मी लिहिते त्या मालिकेत बाईंच्या तोंडची निम्मी वाक्यं तुझी आहेत, हे तुलाही ठाऊक आहे. तू हसून सोडून दिलंस.

मागच्या आठवड्यात तू विचारलंस, "ताई, खरं सांग, डॉक्टरचं बाईंवर प्रेम आहे ना गं?" सगळ्यांना हेच विचारायचं असतं. ऐक, मालिकेतल्या या दोघांना मी घडवलंय. डॉक्टरला बाई आवडत नाहीत, माफी मिळणं आवडतं. चार दिवस पाणउतारा करायचा, पाचव्या दिवशी दारात उभं राहायचं आणि ती विरघळताना बघायचं, एवढीच त्याची भूक. आणि बाई? तो विनवतो तेवढी पाच मिनिटं त्यांना आपण कुणीतरी आहोत असं वाटतं. त्या पाच मिनिटांवर त्या महिना काढतात. हे मी कुणाकडे बघून लिहिलं, ते वेगळं सांगायला नको.

नवऱ्याचं घर सोडून तू चार महिने माझ्याकडे होतीस. पहिला महिना मला बरं वाटलं. मग "ताई, माझंच चुकलं का गं?" हे रोजचं दळण. माझं लिखाण अडलं. त्याच सुमारास तुझा नवरा मला स्टुडिओबाहेर भेटला. म्हणाला, "ताई, तिला परत न्यायचंय. पण मी तोंड उघडलं की भांडणच होतं. तुमचा तर यात हातखंडा."

त्याला तिथूनच हाकलायला हवं होतं. मी कँटीनमध्ये बसून त्याला पानभर लिहून दिलं.

"तू गेल्यावर कळलं, मी जिला घरातली शांतता म्हणायचो ती तुझी भीती होती." आठवतं? त्या वाक्याला तू मटकन खाली बसलीस. त्याचा आवाज कातर झाला ना? कंसात 'आवाज कातर होतो' असं मीच लिहिलं होतं. मी स्वयंपाकघराच्या दाराआडून बघत होते, कुठलं वाक्य कुठे लागतं ते. 'भीती' या शब्दावर तो अडखळला, तिथे तू जरा सावरलीस. म्हणून आमच्या नटाला मी तिथे अडखळू दिलं नाही.

हो, मालिकेत. शुक्रवारी तोच प्रसंग दाखवतील, शब्दाला शब्द. तू एकही भाग चुकवत नाहीस, म्हणून आधी सांगतेय. बदलून घेता आला असता. पण निर्माते वाचून म्हणाले, "मॅडम, असं तुम्ही आजवर लिहिलं नव्हतं." मग मी बदलाचा विषयच काढला नाही.

तुला हे कधीच सांगणार नव्हते. शुक्रवारी तुला कळलं असतं, तर 'योगायोग' म्हणून हात झटकले असते. पण काल तुझा निरोप आला, की तो आता खरंच बदललाय, आणि त्याच्या इच्छेप्रमाणे तू गुरुवारी नोकरीचा राजीनामा देणार आहेस. अकरा वर्षांची नोकरी. तुझ्या हातच्या कवळ्या घालून लोक चारचौघांत हसतात. कुरियरवाला म्हणाला, पत्र बुधवारी पोचेल.

मी लिहून दिलेला कागद तीनदा आठवून बघितला. त्यात तुझ्या नोकरीचा उल्लेख कुठेही नाही. सगळ्या माफीत 'नोकरी सोड' एवढंच एक वाक्य त्याचं स्वतःचं आहे.

तुला त्याच्याकडे परत धाडणारी,
ताई