घरची हाक

एलरॉयमामा,

वृद्धाश्रमातल्या नर्सचा फोन आला. "मामा रोज विचारतात, घरून काही आलं का?"

ऑर्का देवमासे म्हणजे पाण्याखालची आपलीच माणसं, असं आपण किनाऱ्यावरचे लमी आदिवासी मानतो. तरी तू मरीन पार्कवाल्यांसाठी खाडीत सुरुंगाचे बार उडवून त्यांचा कळप कोंडलास आणि पिल्लू जाळ्यात धरून दिलंस. त्याची आई जाळ्याबाहेर तीन दिवस हाका मारत होती. तू हसलास, "अगं, मासाच तो! विसरेल चार दिवसांत."

ते पिल्लू चाळीस वर्षं सिमेंटच्या टाकीत एकटंच फिरलं आणि काल मेलं. घरची एक हाक त्याच्या कानी पडली नाही.

तुझ्यासाठी सॅमन मासा धुरी देऊन ठेवलाय, हे पत्रही लिहिलंय. दोन्ही पाठवणार नाही.

विसरशील चार दिवसांत.

तुझीच भाची,
व्हर्निटा